पिंपळदऱ्याच्या चार टीमा

जानका रोकडे घोडेगावच्या शाळेत असताना कबड्डी खेळायची. चढाईला गेली की समोरच्या पोरींचा धीर सुटायचा, पण हिचा दम सुटायचा नाही. दहावीनंतर लग्न होऊन ती ओतूरला गेली आणि काही वर्षांनी एकटीच परत आली. नवऱ्यानं दुसरी बायको केली होती. भांडण झालं नाही, कोर्टकचेरी झाली नाही. आईनं चहा टाकला, भावानं तिची पेटी माळ्यावर ठेवली, एवढंच.

ते १९९९ साल. तालुक्याच्या कबड्डी संघटनेचं काम नानासाहेब बघत. घोडेगावात त्यांचं खतांचं दुकान होतं, संघटनेची कचेरीही त्यातच. त्यांना जानकाचा खेळ आठवत होता. त्यांनी तिला बोलावून घेतलं.

"जानके, पोरींकडं जायला बाई लागती. शाळाशाळांतनं फिरायचं, कबड्डी दाखवायची आन किती खेळल्या ते मला सांगायचं. जमंल?"

"जमंल," ती म्हणाली.

पहिली शाळा भीमाशंकरच्या रस्त्याला होती. जानकानं राखेनं रेघा मारल्या, पोरींना चढाई शिकवली, पकड शिकवली. संध्याकाळी दुकानात येऊन सांगितलं, "एकोणीस खेळल्या."

नानासाहेब रागावले नाहीत. "शाळेत पोरी किती?"

"असतील सव्वाशे."

"बाकीच्या काय करत व्हत्या?"

"ओट्यावर बसून बघत व्हत्या."

"मग झालं की! बघितलं म्हंजे अर्धं खेळल्याच. सव्वाशे धर. अगं, वर आकडाच बघत्यात. आकडा वाढला की खेळ वाढतो."

नानासाहेब वाईट माणूस नव्हते. हे ते मनापासून बोलत होते.

मग पद्धतच पडली. प्रार्थना संपली की हेडमास्तर पोरींना रांगेतच थांबवत. जानका 'कबड्डी, कबड्डी' म्हणायची, तिच्यामागून सगळ्या शाळेचा आवाज डोंगरावर आदळायचा. दोन मिनिटांत सगळ्या पोरी खेळाडू. परतीच्या एसटीत कधी कधी खो-खोवाल्यांचे रखमाजी भेटायचे. त्यांचंही तेच काम.

"ताई, ह्या शाळंत तुमी कवा गेल्ता?"

"काल."

"मग उद्या आमी जातो. पोरं तीच, आमी नुसती उकिडवी बसवतो." रखमाजी हसायचे. जानकाही हसायची. धावण्याचे आणि कुस्तीचे लोकही त्याच शाळांत येत, त्याच पोरी मोजून नेत. वर जिल्ह्याला प्रत्येक खेळाची पोरं वेगळी दिसत.

सुरुवातीला घरी येताना तिला ओट्यावर बसून बघणाऱ्या पोरी आठवायच्या. पुढं त्याही आठवेनाशा झाल्या. जेवण जात होतं, झोप लागत होती. आई म्हणायची, "तू बोलत न्हाईस गं." जानका म्हणायची, "बोलायला काय झालंय?"

पिंपळदरा हे आडबाजूचं गाव. तिथं ती अशीच एकदा जाऊन आली होती. पुढच्या वर्षी पुन्हा गेली, पोरींकडून एका सुरात म्हणवून घेतलं आणि फाट्याकडं निघाली. मागून एक पोर पळत आली. आठवीतली हर्षाली.

"ताई, दम सुटला पन हात लागलेला आसला, तर मानूस बाद व्हतं का?"

जानका थांबली. हे आजवर तिला कुणी विचारलं नव्हतं. खेळल्याशिवाय हा प्रश्न पडत नाही.

जानका संध्याकाळपर्यंत थांबली. भात निघालेल्या खाचरात पोरी रोज संध्याकाळी खेळत होत्या. गेल्या वर्षी दोन मिनिटं म्हटलेलं आठवून, उरलेलं पोरांचा खेळ बघून मनानं जुळवून. धसकटं उपटून त्यांनी जागा साफ केली होती. हर्षाली चढाईला गेली की जमिनीलगत वाकायची आणि पाय असा टाकायची, की जानका बघतच राहिली. हर्षालीची चुलत बहीण श्रेया पकडीला पक्की होती. जानकाची एसटी चुकली. त्या रात्री ती हर्षालीच्याच घरी राहिली.

मग ती सवड काढून तिथं जाऊ लागली. घोटा कसा धरायचा, साखळी कशी करायची, सगळं शिकवलं. आठनऊ पोरी होत्या. त्यांचं एकच विचारणं असायचं, "ताई, आमची मॅच कवा?"

संघटनेनं तालुक्यात मुलींची मॅच कधी घेतलीच नव्हती. कागदावर मात्र दरवर्षी होत होती.

आणि एका फेब्रुवारीत ती खरोखरच ठरली. वरून पाहुणे येणार होते, आंबेगाव तालुक्यातली मुलींची कबड्डी बघायला. नानासाहेबांनी जानकाला विचारलं, "खऱ्या खेळणाऱ्या पोरी कुठं हायेत?"

"पिंपळदऱ्याला."

"आजून?"

"आजून कुठंच न्हाईत."

"मग त्याच आन. भरतीला हितल्या शाळंतल्या पोरी उभ्या करू. शर्टांचं मी बघतो."

चार रंगांचे शर्ट आले, त्यांवर चार गावांची नावं छापलेली. पिंपळदऱ्याच्या पोरी पहिली मॅच आपल्या गावाच्या निळ्या शर्टात खेळल्या आणि जिंकल्या. मग त्यांना कनातीमागं नेलं आणि दुसऱ्या गावाचे पिवळे शर्ट दिले. पोरींना आधी गंमत वाटली, खी-खी हसल्या. दुपारी घामानं ओले झालेले शर्ट त्यांनी आपसांत बदलले, तेव्हा कुणी हसत नव्हतं. शेवटच्या मॅचला त्यांची दोन्हीकडं वाटणी झाली. हर्षाली पिवळ्यांत, श्रेया निळ्यांत. हर्षाली चढाईला आली, श्रेयानं तिचा घोटा धरला आणि लगेच सोडून दिला. पंचानं शिट्टी वाजवली. मांडवातून टाळ्या पडल्या.

बक्षीस देताना पाहुण्यांनी हर्षालीला विचारलं, "बाळ, कुठल्या गावची तू?"

हर्षालीनं मान खाली घालून छातीवरचं नाव वाचलं आणि ते सांगितलं. पाहुण्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

खांबाजवळ उभ्या जानकानं हे पाहिलं. आता आपल्याला रडू येईल, असं तिला वाटलं. काहीच आलं नाही. ती शर्ट गोळा करायला लागली.

परतताना जीपमध्ये हर्षालीनं विचारलं, "ताई, आपुन जिकलो का हारलो?"

"दोनी," जानका म्हणाली.

"आसं कसं?"

जानका मांडीवरच्या शर्टांच्या घड्या घालू लागली. हर्षालीनं पुन्हा विचारलं नाही.

त्या उन्हाळ्यात जिल्ह्यात मुलींचं महिनाभराचं शिबिर व्हायचं होतं, पुण्याचे शिक्षक यायचे होते. जानकानं पहिल्यांदाच नानासाहेबांकडं काही मागितलं. "पिंपळदऱ्याला घ्या." नानासाहेबांनी खरोखर खटपट केली, पुण्याला जाऊन आले. आल्यावर खुर्चीत बसून तांब्याभर पाणी प्याले.

"न्हाई दिलं. जिथं पोरी खेळत न्हाईत तिथं देनार म्हनं. तुमच्याकडं लई झाल्यात, म्हनले."

"मग खरं सांगा की त्यांना."

"आता कसं सांगू? इचारतील ना, एवढ्या पोरी गेल्या कुठं?"

पावसाळ्यात खाचरात भात लागला. भात निघाल्यावर जानका गेली, तर धसकटं तशीच उभी होती. हर्षालीची माणसं जुन्नरकडं कांद्याच्या कामाला गेली होती, शाळा सोडून तीही. श्रेया पाणी भरत होती.

"खेळत न्हाई का गं?"

"मॅच तर झाली ना, ताई," श्रेया म्हणाली आणि हंडा उचलून चालू लागली.

जानकानं दुकानात येऊन सांगितलं, "पिंपळदरा, शून्य." नानासाहेबांनी मान हलवली. त्या वर्षी सर्वांत जास्त मुली खेळवल्याबद्दल तालुक्याला ढाल मिळाली. जानकाला स्टेजवर बोलावून शाल आणि नारळ दिला. आईनं तो नारळ फोडून चटणी केली. चटणी चांगली झाली होती.

पुढं अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघाली आणि तिनं संघटनेचं काम सोडलं. नानासाहेबांनी का म्हणून विचारलं नाही.

काही वर्षांनी ती नात्यातल्या लग्नाला जुन्नरकडच्या बोरी बुद्रुकला गेली होती. लग्न लागल्यावर रस्त्यानं चालली असताना कांद्याच्या वावरातून हाक आली. "ताई!" हर्षालीच होती. डोक्याला फडकं बांधलेलं, जवळ साडीच्या झोळीत लेकरू झोपलेलं. हिला इथंच दिली होती.

"आजून शिकवता का पोरींना?"

"न्हाई. सोडलं."

"बरं केलं," हर्षाली म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "बसा की, चा करते."

"चा नको. लग्नात झालाय."

जानका तिच्याशेजारी बांधावर बसली. हर्षालीचा विळा सपासप चालला होता, कांद्याची पात एकीकडं, कांदा दुसरीकडं. थोड्या वेळानं जानकानं तिथं पडलेला दुसरा विळा उचलला आणि तीही कांदे काटायला लागली. लेकरू उठलं, तेव्हा हर्षालीनं ते मांडीवर घेतलं आणि जानका एकटीच काटत राहिली.