सुईला निघालेलं वऱ्हाड

माझ्या मुलीला परदेशातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला, पण मेंदूज्वराची लस घेतल्याशिवाय होस्टेलात खोली मिळणार नाही असं कळलं. नारायणगावच्या डॉक्टरांनी लस पुण्याहून मागवली. आमच्या वारूळवाडीतून दवाखाना चालत जाण्याएवढा जवळ. पण एवढ्या मोठ्या कामाला मुलगी एकटी कशी जाणार? पेठहून मावशी आली, डिंभ्याहून आत्या एसटीची वाट बघून बघून कावून आली, आणि टोमॅटोच्या पिकअपमध्ये सतरंजी अंथरून आम्ही निघालो. मी वैतागलो होतो, पण माझं ऐकतो कोण?

माझा थोरला भाऊ पुढे बसला. लहानपणी बोर्डिंगात त्याला हाच ताप आला होता. बरोबरीची दोन पोरं गेली. दादा वाचला, पण कान कायमचे गेले. तेव्हापासून तो मोठमोठ्याने बोलतो आणि समोरच्याचे ओठ बघून समजून घेतो.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हे जंतू घशात राहतात, दाटीच्या खोल्यांत पसरतात. पूर्वी इकडे साथी यायच्या, आता हा ताप तुरळक कुठे दिसतो. तिकडे या जंतूंचे प्रकार वेगळे, म्हणून लसही बघून घ्यावी लागते. इथे ती सरसकट देत नाहीत. बाकावर हजला निघालेलं एक जोडपं त्याच लशीसाठी बसलं होतं. आमची गर्दी बघून त्यांनी काळजीने विचारलं, तुम्ही सगळेच परदेशी निघालात का?

आलोच आहोत तर म्हणून मावशीने बीपी तपासून घेतलं. आत्याने वजन केलं, ते पटलं नाही म्हणून चपला काढून परत केलं. मुलीला तर सुईआधी कुंकू लावून ओवाळलं. डॉक्टर बिचारे सिरिंज धरून थांबले.

मुलीचं झाल्यावर दादा खुर्चीत बसला आणि त्याने बाही वर केली. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला आता या लशीची गरज नाही, आणि गेलेले कान काही हिने परत येत नाहीत. दादाने त्यांचे ओठ नीट बघितले.

"त्ये म्हाईत हाये मला. कान मागत न्हाई. तवा मिळाली न्हाई, आता समोर हाये तर द्या."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. फ्रिजमध्ये एक जास्तीची होती, ती काढा म्हणून मीच डॉक्टरांना सांगितलं. सुई टोचताना मुलीने त्याचा हात धरला आणि दादा रडला. इतका वेळ कलकलाट करणारं आमचं वऱ्हाड एकदम चिडीचूप झालं. दादाला त्यातला फरक कळला नसेल.