चंडोलाची अंडी आणि मागचं चाक

गाडी मागे आली तेव्हा माझी नात मागच्या चाकाशी फतकल मारून बसली होती. मी तिचा दंड धरून असा ओढला की दोघी वाळूत आडव्या. चाक ती बसली होती तिथे येऊन थांबलं.

ती तिथे बसली कशाला, ते सांगते. मी आखातात मुलाकडे राहते; त्याच्या अबू हमूरच्या घरून आम्ही राखीव रानात पाखरं बघायला गेलो होतो. रान म्हणजे आपल्या रत्नागिरीसारखं नव्हे. कुंपणाच्या आत खोलगट जमीन, पावसाचं थोडं पाणी तिथे मुरतं, म्हणून बोरी-बाभळी तग धरून आहेत. गाडी चालवताना मुलाला हुदहुद दिसला आणि त्या नादात गाडी वाटेच्या कडेला वाळूत रुतली.

"मागे घेतो," तो म्हणाला.

नात उतरली होती. ती ओरडली, "नो बाबा! मागे एग्ज आहेत!"

खरंच होती. झुडपाच्या बुडाशी चंडोलाचं घरटं, त्यात ठिपक्यांची तीन अंडी.

"उचलून बाजूला ठेव," मुलगा म्हणाला.

"नॉट अलाउड. मग त्यांची मम्मी येणारच नाही." आणि बसली चाकाला पाठ लावून.

मी म्हटलं, "दर शुक्रवारी कोंबडीची तंगडी चापतेस, तेव्हा कुठे जाते गं ही माया?"

"दादी, दॅट्स डिफरंट."

काय डिफरंट, ते तिलाच ठाऊक. मुलाला वाटलं, इंजिनाचा आवाज ऐकून उठेल. नुसता आवाज करायचा होता, तर गिअर कशाला टाकला? गाडी उसळून मागे आली.

तो खाली उतरला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. "अम्मा, लागलं का तिला?"

"नाही. आता पुढे काढायची. मागचं नाव घेऊ नकोस."

डेगचीच्या झाकणाने चारी चाकांपुढची वाळू उपसली. जेवायला आणलेल्या दोन्ही चटया फाडून चाकांखाली घातल्या.

"अम्मा, या तू गावाहून आणलेल्या."

"मग काय दफन करताना बरोबर देणार आहेस? यल्ला, बस गाडीत!"

तिसऱ्या खेपेला गाडी निघाली. जेवण उभ्यानेच झालं.

काही दिवसांनी नातीने डोकं खाल्लं म्हणून पुन्हा तिथे गेलो. वाटेवरूनच दुर्बिणीने पाहिलं. घरट्यात दोन चोची उघड्या होत्या. तिसरं अंडं तसंच पडलेलं.

नात जगली आणि दोन पिल्लं जगली.