नवसाला चालणारा चहा

आमच्या बुऱ्हाणपुरात चहा म्हणजे दूध. त्यात थोडं पाणी, आलं, सैल हातानं टाकलेली साखर, आणि पातेल्याच्या कडेला तपकिरी साय धरेपर्यंत उकळ. बिनदुधाचा चहा आमच्याकडं दोनच वेळा पितात. एक, दूध नासलं तर. दुसरं, मयताच्या घरी, घाटावरून परत आल्यावर. त्याला कोरा चहा म्हणतात, आणि धडधाकट घरात तो कुणी मागितला तर आयाबाया त्याच्या तोंडाकडं बघतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोळ मी या एका गोष्टीपायी घातला.

तेव्हा पेपरात रोज यायचं की बाजार खुला झाला, जग आता एक झालं. आमच्यापर्यंत ते जग तुकड्यातुकड्यानं पोचत होतं. आधी गच्च्यांवर डिशच्या छत्र्या आल्या, मग चौकात एसटीडीचे डबे, मग शेंगदाणेसुद्धा चकाकत्या पाकिटात मिळायला लागले. मी एका कापडाच्या पेढीवर कारकून होतो. दिवसभर मागं पॉवरलूमचा खडखडाट आणि समोर बिलांचा ढीग. घरी आई, बायको आणि मी.

बायकोला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. आधीची दोन्ही पोटं टिकली नव्हती. एक तिसऱ्या महिन्यात गेलं, दुसरं पाचव्या. दुसऱ्या वेळी तर आईनं दुपट्यांसाठी जुनी लुगडी धुऊन ठेवली होती. ती तशीच घडी करून परत ट्रंकेत गेली.

म्हणून या खेपेला आई आम्हाला राजघाटावर घेऊन गेली. तापीमाईसमोर उभं करून म्हणाली, "काहीतरी सोड."

"कारलं सोडतो," मी म्हणालो.

"गाढवा, तू कारलं खातोस कधी? आवडतं ते सोडायचं असतं."

तिनं स्वतः मशेरी सोडली. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड ती लग्नाआधीपासून दातांना लावत होती. तिच्याशिवाय तिची सकाळ उगवत नसे. म्हातारीनं एवढं सोडलेलं बघून मला चेव आला. ओंजळ भरून घेतली आणि घाटावरच्या चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "चहा सोडला! बाळ हातात येईस्तोवर!" बायकोनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं पोहता न येणारा गडी खोल पाण्यात शिरताना बघतात.

चौथ्या दिवशी डोकं असं ठणकलं, की सुरतेच्या गिऱ्हाइकाचा माल मी जळगावला पाठवला.

तेवढ्यात शेठच्या पोरानं इंदूरहून एक खोका आणला. त्यात कागदी पुड्या, प्रत्येक पुडीला दोरा, दोऱ्याच्या टोकाला चिठ्ठी. गरम पाण्यात बुडवायच्या. दुकानातला सगळ्यात स्वस्तातला खोका होता तो, हे त्यानं स्वतःच सांगितलं. बाहेरगावचे मोठे व्यापारी येतात, त्यांना आता असलंच लागतं म्हणे. व्यापारी आले, त्यांनी पुडीचा वास घेतला आणि खालच्या हॉटेलातून मलाई मारलेला चहा मागवला. खोका तसाच पडून राहिला.

आमचे म्हातारे मुनीमजी मला म्हणाले, "ले जा यार, वरना चूहे खा जाएंगे."

"मेरी तो चाय बंद है, मुनीमजी."

"अरे, ये चाय थोड़ी है! चाय उबलती है. ये तो थैली में बैठ के नहाती है."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मला तर दोऱ्याचा मिळाला. चहा सोडलाय, चहाची आंघोळ कुठं सोडलीय? दुसऱ्या दिवशी आई देवळात गेल्यावर मी गुपचूप पाणी तापवलं आणि पुडी बुडवली. चव काय सांगू! भिजलेल्या पुठ्ठ्याची, वर थोडी लोखंडाची. पण दोन घोटांत कपाळावरची शीर सुटली. पुडीत अजून बराच रंग होता. टाकवेना. दोरा दिलाय तो वाळत घालायलाच, अशी माझी समजूत झाली. मी ती स्वयंपाकघराच्या दाराआड खिळ्याला टांगली, संध्याकाळसाठी, आणि आंघोळीला गेलो.

अंगावर दुसरा तांब्या घेतो न घेतो तोच आईची किंकाळी.

"अगं माय! करणी! करणी केली कुणीतरी!"

मी टॉवेल गुंडाळून धावलो. आई सांडशीत माझी पुडी धरून उभी होती. आता तुम्हीच बघा: पांढरी पुरचुंडी, आत काळी पूड, पांढरा दोरा, आणि टोकाला न वाचता येणाऱ्या अक्षरांची चिठ्ठी. घरात पोटुशी बाई. दुसरं काय वाटणार? तिनं तव्यावर मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या टाकल्या. सगळं घर खोकायला लागलं, आतल्या खोलीत बायको खोकायला लागली. मी गप्पच राहिलो असतो, खरं सांगतो. पण आई आता शेजारणीचं नाव घ्यायला लागली. काल ती बिचारी विरजण मागायला आली होती, तेव्हाच तिनं टांगली असणार, थांब, तिच्या झिंज्याच धरते.

"आई, तो चहा आहे."

"कोणता चहा?"

"माझा."

"तू तर सोडलास!"

"हा चहा नाही गं. म्हणजे आहे, पण नाही. हा उकळत नाही, नुसता बुडतो."

आईनं सांडशी खाली ठेवली. मला वाटलं, आता शिव्यांचा भडिमार. पण ती एवढंच म्हणाली, "कोरा. भरल्या पोटाच्या घरात कोरा चहा." आणि मागच्या अंगणात निघून गेली. शिव्या परवडल्या असत्या.

आतून हसू ऐकू आलं. डॉक्टरीणबाईंनी बायकोला पडून राहायला सांगितलं होतं, पलंगाच्या पायगतीला विटा लावून. दूध उकळायचा वास आला तरी तिला उलटी व्हायची. पेज टिकत नव्हती, फुलका टिकत नव्हता. कितीतरी दिवसांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. पोटावर हात दाबून ती म्हणाली, "अहो, मला पण द्या ना ती करणी."

दिली. मीठ-मोहऱ्यांतून वाचलेली नाही, नवी पुडी. तिनं अर्धा कप प्यायला आणि आम्ही घमेलं हातात धरून बसलो. काही झालं नाही. मग तिनं एक टोस्ट बुडवून खाल्ला. तोही राहिला.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यापुढं कप ठेवला, तर ती हात लावेना. "मयताचा चहा मी एकटी नाही पिणार. तुम्ही बसा माझ्यासोबत."

"माझा नवस आहे गं."

"मग न्या परत."

असा मी बसायला लागलो. पुडी एक, कप दोन. पहिली बुडी तिची, दुसरी माझी. माझ्या कपात उरायचं ते फिक्कं पिवळं पाणी. तिच्या अंगाला थोडं लागायला लागलं, गालावर रंग आला. ते बघून बरं वाटायचं आणि त्याच घोटाला छातीत धसकाही बसायचा, कारण तापीमाईला दिलेला शब्द मी रोज सकाळी बुडवून काढत होतो. आम्ही कप उचलले, की आई उठून न्हाणीमागं जायची. रागानं जाते, असं मी धरून चाललो होतो. विचारायची छाती नव्हती.

पाचवा महिना लागला आणि घरातली बोलणी आपोआप कमी झाली. एका रविवारी दुपारी मी जेवायला बसलो होतो. आतून बायकोनं हाक मारली. ओरडली नाही, साधी हाक, पण तिच्या आवाजात काहीतरी असं होतं, की माझ्या हातातला घास ताटात पडला.

"अंगावर जातंय," ती म्हणाली.

चादरीवर डाग होता. रुपयाएवढा, मग बघता बघता तळहाताएवढा. आई माझ्या मागं येऊन उभी राहिली. आता ती म्हणणार, तुझ्या जिभेनं घात केला, आणि मी मान खाली घालून उभा राहिलो. पण आई मटकन खाली बसली आणि कपाळ बडवून घ्यायला लागली.

"माझ्यानं झालं रे! मी लावत होते. रोज न्हाणीमागं जाऊन लावत होते!"

"काय लावत होतीस?"

"मशेरी! तुम्ही तिकडं प्यायला बसला की मी इकडं बोटभर लावायची. म्हटलं, हा पितो तर मला काय होतंय!"

"नाही आई, माझ्यानं झालं. सुरुवात मी केली."

"तू गप! तुझं ते नुसतं पाणी होतं. माझा तंबाखू होता!"

"पण मी घाटावर ओरडून बोललो होतो, तू मनात—"

"मनातलं तर देवाला आधी ऐकू जातं!"

खरंच सांगतो, आम्ही मायलेक त्या खोलीत, त्या डागासमोर, पाप कुणाचं मोठं यावर भांडत होतो.

"अहो," बायको म्हणाली. दोन्ही हातांनी तिनं पलंगाची पाटी धरली होती. "रक्त माझं जातंय. तुमच्या चहानं अन् आत्याबाईंच्या मशेरीनं काय होतं ते नंतर ठरवा. आधी रिक्षा आणा."

मी अनवाणी धावलो.

डॉक्टरीणबाईंनी तिला पाच दिवस ठेवून घेतलं, सुया दिल्या. पोट वाचलं, पण त्या म्हणाल्या, "अभी कुछ कह नहीं सकते." मी भीत भीत चहाचं विचारलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "एक कप चलेगा. और आप लोग ज़रा दिमाग ठंडा रखो." आम्ही दवाखान्यात काय काय कबूल केलं असेल, ते त्या पाहण्यावरून समजा.

घरी आल्यावर बायकोनं आम्हा दोघांना पलंगाजवळ बोलावलं. दापोऱ्याची केळीवाल्याची पोर ती, घड तोडायच्या दिवशी बापाच्या गड्यांना हाकणारी. झोपल्या झोपल्या म्हणाली, "आजपासून या घरात कुणी काही सोडायचं नाही. तुम्ही सोडता, मग चोरून खाता, मग माझ्या पोराच्या नावानं रडता. त्याच्या अंगावर एवढं ओझं नको." आई काहीतरी बोलणार होती. "आत्याबाई, तुम्ही मशेरी माझ्यासमोर लावा. पण दाराबाहेर, मला वास येतो."

पुढचे महिने आम्ही असे काढले, की कुणी मोठ्यानं शिंकलं तरी दचकायचो. सकाळचा चहा चालू राहिला. फक्त पोट हलायला लागल्यापासून तिनं एक रीत पाडली: आधी बाळ हलणार, मग ती कपाला तोंड लावणार. हात पोटावर ठेवून वाट बघायची, हललं की मानेनं खूण करायची. तोवर मीही थांबायचो.

आठव्या महिन्यात एका सकाळी खूण झालीच नाही.

पुडी कपात तशीच राहिली. पाणी तांबडं झालं, मग काळं, मग त्यावर तवंग धरला. मी म्हणालो, "आळशी असेल, बापावर गेलंय." माझा विनोद माझ्याच पायाशी पडला. आई दारातून म्हणाली, "साखर टाकून पी बाई. गोडानं उठतं." बायकोनं दोन चमचे साखर ढवळली आणि तो गार, कडू कप एका दमात प्यायला. पुन्हा हात पोटावर.

"हललं?"

"नाही."

मग थोड्या वेळानं, "जरासं. की माझाच श्वास होता, कळत नाही."

मी रिक्षा आणली. डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि नर्सला सामान काढायला सांगितलं. ठोके होते, पण मंद होते. वाट बघण्यात अर्थ नव्हता, लगेच ऑपरेशन करायचं ठरलं.

आत नेताना बायकोनं माझं मनगट धरलं. म्हणाली, "मी नाही म्हणून बाहेर काहीतरी सोडून बसाल. बसू नका. आत्याबाईंना पण सांगा."

दार लागलं. बाहेर एक बाक होता, त्यावर आई आणि मी. मला वाटायचं, वाट बघणं सोपं असतं; पण हातात काही द्यायला असलं तरच ते सोपं असतं. माझ्या मनात एकेक गोष्ट पुढं येत होती. चहा, जेवण, पायातल्या चपला, डोक्यावरचे केस, जे मागशील ते. प्रत्येक वेळी मी ती मागं ढकलत होतो. शेजारी आईचे ओठ हलताना दिसले.

"आई, नवस बोलतेस?"

"नाही रे." तिनं पदर तोंडाशी धरला. "तू?"

"नाही."

"हात रिकामे वाटतात रे," आई म्हणाली.

मी तिचा एक हात माझ्या हातात घेतला. बोटाचं टोक मशेरीनं काळं होतं. आम्ही तसेच बसून राहिलो. आतून भांड्यांचा आवाज आला, कुणीतरी कुणाला घाई केली, मग एकदम सगळं शांत झालं. ती शांतता मी आजही कुणाला नीट सांगू शकलेलो नाही, आणि मी तर कुठलीही गोष्ट तिखट-मीठ लावून सांगणारा माणूस.

मग कुठंतरी बारीक करकर झाली. एकदा. थांबली. पुन्हा झाली.

"आतलं दार वाजतंय," मी म्हणालो.

आई उठून उभी राहिली. "दार नाही रे ते, गाढवा," ती म्हणाली.