जपानची वडी

मामांच्या हातात काहीही द्या, ते आधी अंगठ्यात आणि बोटात चोळून बघायचे. तंबाखू असो, सिमेंट असो, नाहीतर नव्या सदऱ्याचं कापड. मग मान हलवून निकाल द्यायचे, "चालतंय."

फलटणकडच्या एका साखर कारखान्यात ते पॅनमन होते. रस आटवताना साखरेचा दाणा कधी धरतो, हे ओळखायचं काम त्यांचं. पाक काचेच्या तुकड्यावर घ्यायचा, उजेडात धरायचा, चोळायचा. पदवीधर साहेब मागून यायचे आणि तेच सांगायचे. मी टाइम ऑफिसात कारकून. हजेऱ्या मांडून माझाच जीव मेटाकुटीला यायचा, मामा तर आठ-आठ तास त्या वाफेत उभे. साखरेच्या वासाला इतके विटले होते की चहासुद्धा बिनसाखरेचा प्यायचे. असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. दमलेला, पण दमलो असं कधी न म्हणणारा.

मामा जत तालुक्यातले. गावात प्यायचं पाणी टँकरनं यायचं, आणि ह्यांचा एकुलता एक पोरगा गेला मालवाहू बोटीवर! "पोरानं पान्याचा सूड उगवला बगा," असं म्हणून मामा स्वतःच हसायचे.

त्या हंगामाअखेर मामा निवृत्त होणार होते. तेव्हा आमच्याकडे बापाच्या जागी पोराला घेत, पण नाव हंगाम संपायच्या आत द्यावं लागे. मामांनी माझ्याकडून पत्र लिहवून घेतलं: जागा तुझी आहे, ये. मग रोज पाळी सुटली की माझ्या खिडकीशी हजर.

"आलं का वो काय?"

"नाही मामा."

"येतंय, येतंय."

शेवटी जपानहून पार्सल आलं. एक चिठ्ठी आणि मिठाईचा डबा. चिठ्ठी मीच वाचली. बोटीवरची थंडी, आईच्या गुडघ्यांची चौकशी, तिकडचे दिवे, सगळं होतं. येतो की नाही, त्याबद्दल एक अक्षर नाही. मामांनी ती मला पुन्हा वाचायला लावली.

मग डबा उघडला. आत मऊ गुलाबी वड्या, आणि प्रत्येकीवर पातळ, आरपार दिसणारा कागद. तो काही केल्या निघेना. मामांनी नखानं खरवडून पाहिलं. "पाक कच्चा ऱ्हायलाय, म्हनून चिकटलं," म्हणाले. म्हणजे चूक जपानचीच! फिटर आला, त्यानं ब्लेड आणलं. आम्ही तिघे शहाणे अर्धा तास त्या वडीचं ऑपरेशन करत बसलो. शेवटी वैतागून मी एक तशीच तोंडात टाकली.

"आवं भाऊसाहेब, कागूद!"

कागद जिभेवर विरघळून गेला. तो खायचाच होता. फिटर पोट धरून हसला.

मामांनी एक वडी चोळून बघितली आणि तोंडात धरली. त्यांना गोड खाताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"दाना धरूच दिला न्हाई ह्यात," म्हणाले. "करनारा वस्ताद हाय." फिटर निघून गेल्यावर हळूच म्हणाले, "पोरगं येत न्हाई, भाऊसाहेब."

"असं कुठं लिहिलंय मामा?"

"लिहाय कशाला पायजे? दर साली हंगामाला निघताना मी त्याच्या हातात खाऊ द्यायचो. रडू नये म्हनून."

वाईट वाटलं, आणि त्या पोराचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी मामांनी जागेवरचा हक्क सोडल्याचा अर्ज लिहवून घेतला आणि खाली सही केली. जागा दुसऱ्याला गेली. हंगाम संपला, तसे मामा ट्रंक घेऊन गावी निघाले. एसटीला वेळ होता. माझ्या टेबलाशी उभ्या उभ्याच पोराला शेवटचं पत्र सांगितलं.

"लिहा, जागा दुसऱ्याला दिली. आता तुला घाई न्हाई. तिकडं नीट ऱ्हा. आमची काळजी करू नगं."

मी पत्राची घडी घालायला लागलो, तसा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"आजून एक लिहा," मामा म्हणाले. "पर ये."