गुपचूप खेळायला जा

चौथीच्या बाईंचा वर्ग वाचायला लागला की रस्त्यापलीकडचा शिंपी मशीन थांबवतो. कौतुकानं नव्हे, मशीन चालू आहे की बंद, हेच त्याला कळेनासं होतं. या शाळेत वाचन आवाजावर मोजतात आणि त्या मापानं हा वर्ग पहिला. बाईंना मात्र एक शंका छळत असे: आपण पोरांना वाचायला शिकवतोय की ओरडायला? ही शंका त्यांनी घरूनच आणली असावी. त्यांचे यजमान रोज सकाळी पेपर खड्या आवाजात वाचतात, घडी घालतात आणि विचारतात, "काय गं, काय विशेष आज?"

वर्गात एकच मुलगी सुरात नव्हती. पोरं तिला गोगलगाय म्हणत. सगळ्यांचा धडा संपला तरी हिचं बोट दुसऱ्या ओळीवर. हेडसरांनी ठरवलं, सोमवारपासून हिला तिसरीत बसवायचं.

"सर, ती थांबून विचार करते हो."

"विचार घरी करावा, बाई. वाचनाच्या तासाला कशाला?"

शनिवारी बाई वर्गात आल्या त्या तोंड मिटूनच. फळ्यावर लिहिलं: 'हे वाचून झालं की गुपचूप मैदानावर खेळायला जा.' आणि खुर्चीत बसल्या.

वर्गानं ते एका सुरात वाचलं. 'गुपचूप' तर असं, की शिंप्यानं मशीन थांबवलं. मग पुन्हा एकदा वाचलं आणि सगळे हाताची घडी घालून शाबासकीची वाट बघत बसले.

बऱ्याच वेळानं गोगलगायीचं बोट हवेतल्या हवेत शेवटच्या शब्दाशी पोचलं. ती उठली, चपला हातात घेतल्या आणि पाय न वाजवता निघाली.

दारात हेडसर. "कुठे निघाली स्वारी?"

तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि फळा दाखवला.

हेडसरांनी फळा मोठ्यानं, चढउतारासकट वाचला. "अक्षर सुरेख आहे हं, बाई." मग त्यांचे ओठ नुसतेच हलले. पुन्हा एकदा हलले. "अहो, मग ही बाकीची का बसलीत?"

"ती वाचतायत, सर," बाई म्हणाल्या.

सोमवारी गोगलगाय चौथीतच बसली. हेडसर त्यावर काही बोलले नाहीत. त्यांची परवानगी अशीच असते. बाई आता रोज फळ्यावर काहीतरी लिहितात आणि गप्प बसतात. काल तिघं उठली. त्यातला एक नुसताच गोगलगायीच्या मागे निघाला होता. पण दाराशी थबकला, वळून फळ्याकडे बघितलं आणि त्याचे ओठ हलले.

शिंपी म्हणतो, चौथीचं वाचन हल्ली बिघडलंय. ऐकूच येत नाही.