बे एके जी

ढाणकीच्या नंदकिशोर पांढरीपांडेला आयुष्यात कधी कुठे उशीर झाला नाही, आणि त्याचा त्रास मात्र बाकी सगळ्यांना झाला. स्वतःच्या लग्नाला तो वऱ्हाड घेऊन इतक्या लवकर पोचला की मुलीकडचे लोक दात घासत होते आणि मांडववाला अजून बांबू उतरवत होता. नवरदेवाला उभं राहवेना. त्यानं शेरवानीच्या बाह्या वर केल्या आणि बांबू धरले. तेवढ्यात नवरीच्या, म्हणजे शुभदाच्या, मावशीनं त्याला मांडववाल्याचा माणूस समजून दोन बादल्या पाणी आणायला लावलं. त्यानं आणलं, तेही धावत.

असा माणूस बस स्टँडवर नोकरीला लागला हे देवाच्या राज्यात न्याय असल्याचंच लक्षण. उमरखेडला तो वाहतूक नियंत्रक. दुपारची ड्यूटी. खिडकीत बसून भोंग्यावर ‘प्रवाशांनी लक्ष द्यावे’ म्हणताना त्याचा आवाज असा लागतो की पुसदला जाणारा माणूस घाबरून नांदेडच्या गाडीत चढतो. घरीही तो तसाच बोलतो. आंघोळीला पाणी तापलं की, ‘बादली सुटायच्या तयारीत आहे.’ शुभदा पंचायत समितीच्या ऑफिसात असते. तिला सवय झाली आहे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिनं माहेरी फोन करून विचारलं होतं की यावर काही औषध असतं का. मग तिनं नाद सोडला.

आणि या माणसाच्या पोटी गुंजन.

डॉक्टरांनी दिलेली तारीख उलटून गेल्यावर, दवाखान्यातल्या सगळ्यांचा चहा वगैरे झाल्यावर, ही पोरगी निवांत जन्माला आली. आता पाच वर्षांची आहे. चप्पल घालायची तर आधी चप्पल उलटी करून खालून पाहते. पोह्यातला शेंगदाणा तोंडात टाकण्याआधी त्याच्याशी दोन शब्द बोलते. तिला ‘चल लवकर’ म्हटलं की ती थांबून विचारते, ‘लवकर म्हणजे कुठं?’

तिला गावातल्या एका बालवाडीत घातलं होतं. दिवाळीआधी नंदकिशोर विचारायला गेला, तर बाई म्हणाल्या, ‘पाचपर्यंत आलो आहोत.’ त्यानं तिथल्या तिथे मनात हिशेब मांडला. या वेगानं शंभर गाठेपर्यंत पोरीच्या लग्नाचे बांबू उतरायला लागतील. घरी येऊन त्यानं जाहीर केलं, ‘गुंजनले मी शिकवीन. घरीच. सकाळभर मी काय झोपा काढतो का?’

शुभदा भांडली नाही. तिनं अट घातली. ‘संक्रांत झाली की दादा येणार आहे. तो पाहील. त्याला पटलं तर पुढचं वर्षही घरी शिकव. नाही पटलं तर जूनपासून पोरगी पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी शाळेत. मग मला काही सांगायचं नाही.’

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ इंद्रजीत, यवतमाळला कॉलेजात गणिताचा प्राध्यापक. जेवायला बसला तरी ताटातले पदार्थ चढत्या क्रमानं खाणारा माणूस. नंदकिशोरनं अट एका झटक्यात मान्य केली, कारण विचार करायला वेळ लागला असता.

त्याच दिवशी फ्रिजवर वेळापत्रक लागलं. एक ते वीस, सोमवारी. वीस ते पन्नास, मंगळवारी. बुधवारी शंभर गाठून गुरुवारी बेरीज, आणि शनिवारी पाढे. रविवारी विश्रांती, कारण माणूस दुष्ट नव्हता.

सोमवारी गाडी तीनवर बंद पडली.

गुंजननं तीन बटाटे मांडले, मग तीन चमचे मांडले आणि विचारात पडली. ‘बाबा, बटाटेही तीन आन् चमचेही तीन?’

‘हो. चला, पुढे चार.’

‘थांबा ना. बटाटे जाडे आहेत.’

‘असू दे.’

‘तरी तीनच?’

मग तिनं बाबांच्या तीन चपला आणल्या. चौथी दाराबाहेर ठेवून दार लावून घेतलं, म्हणजे ती आत येऊ नये. मग तीन मुंग्या गोळा करायला गेली. मुंग्या कुणाच्या बापाच्या वेळापत्रकाला बांधलेल्या नसतात. दुपारी नंदकिशोरची ड्यूटीवर निघायची वेळ झाली तेव्हा अख्खा वर्ग पलंगाखाली होता, आणि तोही.

त्यानं नेट लावून पाहिला, गुळाच्या चिक्कीची लाच देऊन पाहिली. ‘प्रवाशांनी लक्ष द्यावे, चार नंबर सुटत आहे’ असंही ओरडून पाहिलं. गुंजन शांतपणे म्हणाली, ‘जाऊ द्या त्याले. आपन मागच्या गाडीनं येऊ.’ वेळापत्रकावर खाडाखोड झाली, मग त्यावर नवा कागद, मग त्यावर अजून एक. फ्रिजनं अंगात स्वेटर घातल्यासारखं दिसायला लागलं.

पण एक गोष्ट नंदकिशोरच्या नकळत झाली. त्याला या सकाळी आवडायला लागल्या. आधी त्याला फक्त मेव्हण्यापुढे नाक वर ठेवायचं होतं. आता तो अंथरुणात पडल्या पडल्याच विचार करायचा की आज ही बया काय काढते. तीनचे चार झाले, चारचे हळूहळू दहा, आणि दर आकड्याला पोरीनं असं काही विचारलं की ते त्याला बस स्टँडवर आठवून हसू यायचं आणि भोंग्यातून सगळ्या उमरखेडला ऐकू जायचं. पिवळी गाडी रस्त्यानं गेली की तो खिडकी लावून घ्यायचा. पोरगी त्या गाडीत बसली तर सकाळी आपण काय करणार, हे त्याला खरोखर सुचत नव्हतं.

डिसेंबरात पाढे लागले. त्यानं घसा साफ केला आणि म्हणाला, ‘म्हण. बे एके बे.’

गुंजननं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

आता इथे एक मागची गोष्ट सांगायला हवी. पांढरीपांड्यांच्या शेजारी मथुराबाई राहतात. दुपारी बाप ड्यूटीवर आणि आई ऑफिसात, त्यामुळे गुंजन त्यांच्याकडे असते. मथुराबाई जिवाला जीव देणारी बाई, पण तोंडात सतत ‘बे’. बकरीला ‘ऐक बे, थांब बे’. गल्लीतल्या पोट्ट्यांना ‘काय बे, काहून बे’. मोबाइल वाजला नाही तर मोबाइललाही, ‘मेला का बे?’ एकटे त्यांचे यजमान मारोतराव तेवढे सुटतात, त्यांना ‘अवो’. तर गेल्या उन्हाळ्यात शुभदाचे साहेब घरी आले होते. गुंजननं मोठ्या प्रेमानं त्यांना खुर्ची ओढून दिली आणि म्हणाली, ‘बस बे.’ साहेब बसले. पण शुभदाला मात्र उभ्या जागी घाम फुटला. त्या संध्याकाळी घरात कायदा झाला: बे म्हणायचं नाही, कुणालाच नाही, कधीच नाही. म्हणायचंच असेल तर जी म्हणायचं. ‘बसा जी, ऐका जी.’ गुंजननं कायदा हळूहळू समजून घेतला आणि एकदा समजल्यावर तो तिच्यात सिमेंटसारखा बसला.

आणि आता खुद्द बाप समोर बसून म्हणत होता, बे, ऐक बे!

वाचकाला कळलं. नंदकिशोरला कळलं नाही. कळायला पोरीला एकदा ‘काहून गं?’ असं विचारावं लागलं असतं आणि गप्प बसावं लागलं असतं. यातलं दुसरं त्याला जन्मात जमलेलं नव्हतं. तो टाळ्या वाजवून म्हणाला, उड्या मारून म्हणाला, भजनाच्या चालीवर म्हणाला. पोरीच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं तेव्हा घाबरून तिनाच्या पाढ्याकडे वळला, तर ती ‘तीन एके तीन, तीन दुणे सहा’ असं घडाघडा शिकली. चारचाही पाढा आला. पाचचा तर बकरीला शिकवून आली. फक्त बे म्हटलं की तोंडावर हात.

‘दोनमध्येच काही खोट असेल,’ नंदकिशोर शुभदाला म्हणाला.

‘कुणाच्या दोनमध्ये?’ शुभदानं विचारलं आणि भाजी परतत राहिली.

इंद्रजीत आला तो रविवार होता. मथुराबाईंच्या अंगणात रोडग्यांचा बेत होता. मारोतराव गोवऱ्यांच्या विस्तवात कणकेचे गोळे खुपसत बसले होते, वांग्याची भाजी रटरटत होती. इंद्रजीत खाटेवर बसला आणि भाचीला जवळ घेऊन म्हणाला, ‘काय गुंजाबाई, पाढे येतात म्हणे. चला, सुरुवातीपासून. बेचा पाढा.’

नंदकिशोरचा जीव टांगणीला लागला. तिनापासून सुरू करू, असं सुचवायला त्यानं तोंड उघडलं, पण शुभदानं डोळे वटारले.

गुंजननं तोंडावर हात ठेवला.

‘म्हण की. बे एके बे.’

गुंजननं दचकून मामाकडे पाहिलं. मग अंगणातल्या सगळ्या मोठ्या माणसांकडे एकदा पाहून घेतलं. कुणीच रागवत नव्हतं. ती फार नरमाईनं म्हणाली, ‘मामा, बे म्हनू नाही.’

‘आं?’

‘तुम्ही मोठे आहात ना. असं नाही बोलू. तसं बकरीले बोलतेत.’

इंद्रजीतचा चेहरा उत्तर न येणाऱ्या गणितासारखा झाला. मथुराबाई म्हणाल्या, ‘काय म्हन्ते बे ही?’ आणि गुंजननं बोट दाखवलं, म्हणजे पहा, असं.

नंदकिशोरच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. महिनाभराच्या उड्या, टाळ्या, भजनं, सगळं एकदम आठवलं, आणि पोरीच्या डोळ्यांतलं पाणीही आठवलं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की खाटेखाली जाऊन बसावंसं वाटलं. ‘अगं, बे म्हणजे दोन!’ असं ओरडायला तो उठलाच होता. पण पोरीचे ओठ हलताना दिसले. तिचं काहीतरी चाललं होतं. त्यानं तोंड मिटलं आणि वर हात ठेवला, अगदी तिच्यासारखा.

बराच वेळ गेला. मग गुंजननं हात जोडले आणि सुरू केलं, ‘जी एके जी. जी दुणे चार. जी त्रिक सहा. जी चोक आठ...’

पोरगी कुठे अडखळली नाही, कुठे घाईही केली नाही. ‘जी नव्वे अठरा, जी दाहे वीस,’ म्हणून तिनं मामाला नमस्कार घातला आणि वर म्हणाली, ‘बसा जी.’

मारोतराव इतके हसले की त्यांच्या हातातला चिमटा विस्तवात पडला. शुभदा हसत होती आणि डोळे पुसत होती, कारण कायदा तिचाच होता. तिनं लेकीला मांडीवर घेऊन समजावलं की पाढ्यातला बे वेगळा, त्याचा अर्थ दोन, तो म्हटला तर चालतो.

गुंजननं हे नीट ऐकून घेतलं. ‘मंग मथुरामावशी दिवसभर पाढे म्हन्ते का?’

‘म्हन्तो ना बे!’ मथुराबाई म्हणाल्या. ‘बकऱ्या मोजाले लागते.’

हसून झाल्यावर इंद्रजीतनं गंभीर व्हायचा प्रयत्न केला. त्यानं नंदकिशोरला विचारलं, ‘एवढा महिनाभर ती अडली होती, तुम्ही तिला विचारलं नाही का?’

‘नाही,’ नंदकिशोर म्हणाला. ‘मले वाटलं, वेळ जाईल.’ आणि त्यानं मनातल्या मनात पिवळ्या गाडीचा दरवाजा उघडलेला पाहिला. असल्या मास्तरापाशी पोरगी कोण ठेवील? त्यानंही ठेवली नसती.

इंद्रजीत भाचीकडे वळला. ‘तूच सांग गुंजन. जूनपासून शाळेत जाशील, का बाबांजवळ शिकशील?’

गुंजन विचार करायला बसली. मांडी घालून, व्यवस्थित. हनुवटीखाली हात. एक मुंगी गेली, तिला वाट करून दिली. नंदकिशोरच्या दातांपर्यंत शब्द आले होते, म्हण ना, बाबांजवळ म्हण! त्यानं ते गिळले. परत आले, परत गिळले. विस्तवातले रोडगे करपायला लागले, काळा धूर निघाला, मारोतरावांनी चिमट्यासाठी हात पुढे केला तर नंदकिशोरनं खुणेनं त्यांना अडवलं. कुणी हलायचं नाही. जळू द्या रोडगे. आज तिला जेवढा वेळ लागेल तेवढा लागू दे. त्याला रडू येत होतं आणि तरी तो थांबला होता.

‘मी जाईन शाळेत,’ गुंजन शेवटी म्हणाली. नंदकिशोरचा खुणेचा हात खाली आला. ‘पन या जूनमधी नाही. बाबाले आत्ता कुठं थांबता येऊन राह्यलं.’

इंद्रजीतनं चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

‘बरोबर आहे,’ तो म्हणाला. ‘अर्धवट शिक्षण सोडू नये. जवाईबापू, पुढचं वर्षही घरीच बसा तुम्ही.’