मान खाली घालणारी गिटार

बाळांनो, परवा तुमच्यातल्या थोरल्याने फोटो पाठवला. गळ्यात बास गिटार, आणि डावा हात वाजवायचं सोडून तिची मान धरून उभा. खाली लिहिलंय, मान सारखी खाली जाते, यावर चौदा व्हिडिओ पाहिले, उपाय सापडत नाही. चौदा! आजीला एक फोन करायचं मात्र सुचलं नाही. म्हणून आता लिहूनच ठेवते.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. तुमचे धाकटे आजोबा, म्हणजे माझे दीर, बेळगावच्या एका ऑर्केस्ट्रात बास वाजवत. गिटार गावातल्याच सुताराने बनवलेली. तो दारं-खिडक्या उत्तम करायचा, म्हणून मानेलाही त्याने चौकटीचं जड सागवान वापरलं. पट्ट्याने गळ्यात अडकवली की ती मान खाली घालायची. मी त्या घरात सून म्हणून आले तेव्हा मीसुद्धा इतकी घातली नव्हती.

दिरांच्या डाव्या हाताचं अर्धं बळ तिला सावरण्यात जाई आणि सूर उशिरा पडे. ऑर्केस्ट्राच्या मालकांनी सांगून टाकलं, निपाणीच्या कार्यक्रमात असंच झालं तर पुढच्या वेळेपासून कोल्हापूरचा माणूस. दिरांचं जेवणावरचं लक्ष उडालं.

सासऱ्यांनी सल्ला दिला, "बसून वाजीव की रं. पेटीवाला बसतोयच की."

"आप्पा, बसून बास वाजीवला तर लोक म्हणतील आजारी हाय."

"मग न्हाईस व्हय? दोन दिस भाकरीला हात लावला न्हाईस."

तुमचे आजोबा बेळगावजवळच्या मच्छ्यात, फौंड्रीत कामाला. फौंड्रीतल्या माणसाला जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध ठाऊक असतं, ओतीव लोखंड. त्यांनी साचा करून नारळाएवढा गोळा ओतून आणला आणि गिटारच्या बुडाला पक्का बसवला. मान वर आली, कबूल. दुसऱ्या गाण्याला दीर खाली जायला लागले.

"कशी हाय रं आता?" आजोबांनी मोठ्या अभिमानाने विचारलं.

"गिटार सरळ हाय, अण्णा. मी वाकलोय."

माझं इंग्रजी शाळेतलं शिक्षण त्या घरात सरकारी पत्रं वाचून दाखवण्यापुरतं वापरलं जाई. पण माहेर निपाणीचं, तंबाखूच्या वखारीत टांगलेला काटा बघत मी वाढले. टांगायची जागा चुकली तर वजनाला दोष देऊन उपयोग नसतो.

मी आधी तो गोळा काढायला लावला. पाळण्याच्या आकड्याला जुन्या लुगड्याचा काठ बांधला, त्यात गिटार आडवी टांगली आणि ती सरळ राहीपर्यंत काठ सरकवत नेला. सरळ राहिली तेव्हा काठ मानेच्या सुरुवातीला होता. पट्टा अडकवायची पुढची खुंटी मात्र चार बोटं मागे, गिटारच्या अंगाचं मानेकडे शिंगासारखं आखूड टोक निघतं त्यावर. खुंटी पुढे न्यायची, एवढंच काम. फौंड्रीतून एक चपटी लोखंडी पट्टी मागवली, ती शिंगाखाली स्क्रूने बसवली आणि खुंटी तिच्या टोकाला लावली. चार नव्हे, पाच बोटं पुढे. या घरच्या मापांवर माझा विश्वास नव्हता. नायलॉनचा पट्टा खांद्यावरून घसरायचा, तोही बदलला. चपला शिवणाऱ्याकडून रुंद चामड्याचा करून घेतला, खरखरीत बाजू आत.

निपाणीत पहिल्या गाण्याआधी दीर दोन्ही हात सोडून उभे राहिले. गिटार जागची हलली नाही. शेवटच्या गाण्यापर्यंत एकही सूर उशिरा पडला नाही. मालक पुढच्या कार्यक्रमाची तारीख दिरांना सांगून गेले. कोल्हापूरचा माणूस कोल्हापुरातच राहिला.

परतताना आजोबा म्हणाले, "शेवटी फौंड्रीचंच लोखंड कामाला आलं."

"व्हय की," दीर म्हणाले, "नारळाएवढं नव्हतं म्हणून आलं."

पुढे ऑर्केस्ट्रा बंद पडला, गिटारला वाळवी लागली. तो गोळा मागचं दार आपटू नये म्हणून अजून दाराशीच आहे. पट्टी आणि चामड्याचा पट्टा माझ्या कपाटात, खालच्या खणात आहेत.